वान तुओंग, ऑगस्ट १९६५: समुद्रावरून आणि आभाळातून आवळलेला वेढा

पन्हाळ्याचा वेढा आपण कोल्हापूरकर कायम आतून वाचत आलो. जुलै १६६०च्या त्या पावसाळी रात्री महाराज कुठल्या वाटेने निसटले, पाठलागावरची माणसे कशी चकवली, घोडखिंडीत बाजीप्रभू किती वेळ उभे राहिले, हे इथल्या पोरासोरांना तोंडपाठ असते. सिद्दी जौहरच्या छावणीत बसून तोच नकाशा बघायची सवय मात्र आपल्याला नाही. वेढा कुठे पातळ होता, दोन चौक्यांमधली जागा कुणाच्या जबाबदारीची होती, भर पावसात पहारेकऱ्याला किती लांबचे दिसत होते, हे प्रश्न गनिमी काव्याच्या अभ्यासात त्या बाजूनेही विचारायला हवेत. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे गाव आहे, टेंबलाई टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे आणि पहाटे रस्तोरस्ती भरतीची पोरे धावताना दिसतात, तिथे तर नक्कीच.

त्यासाठी निवडलेले हे प्रकरण व्हिएतनाममधले आहे. १८ ते २४ ऑगस्ट १९६५ या काळात अमेरिकी मरीन सैन्याने ‘ऑपरेशन स्टारलाइट’ केले. व्हिएत काँगच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या कम्युनिस्ट गनिमांच्या, पहिल्या रेजिमेंटला समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत गाठून एका बाजूने जहाजांवरून आणि दुसऱ्या बाजूने हेलिकॉप्टरने सैन्य उतरवायचे, असा डाव होता. गनिमी सैन्याविरुद्ध उभयचर आणि हेलिकॉप्टर अशा दुहेरी उतरणीचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणे अवघड. आमच्या मते या लढाईत जे बिघडले, ते जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी बिघडले: समुद्रावरून आलेले आणि आभाळातून आलेले जिथे एकमेकांना भिडायचे होते, त्या सांध्यावर.

शत्रू आणि जागा

चू लाय हा मरीन सैन्याचा तळ. मे १९६५ मध्ये ते तिथे उतरले आणि वाळूवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अंथरून त्यांनी जेट विमानांसाठी धावपट्टी केली. त्याच्या दक्षिणेला क्वांग न्गाय प्रांतात पहिली व्हिएत काँग रेजिमेंट वावरत होती. ही नवशिक्यांची टोळी नव्हती. जुलैच्या सुरुवातीला बा झा इथले दक्षिण व्हिएतनामी ठाणे तिने उद्ध्वस्त केले होते आणि १०५ मिमीच्या तोफाही पळवल्या होत्या.

१५ ऑगस्टला एका फुटीर सैनिकाच्या जबानीतून पक्की खबर आली. रेजिमेंट चू लायच्या आग्नेयेला सुमारे १९ किलोमीटरवर, वान तुओंग गावाच्या परिसरात जमली होती. म्हणजे कोल्हापूर ते पन्हाळा जेवढे, जवळपास तेवढेच अंतर. माणसे दीड हजाराच्या आसपास: ६० वी आणि ८० वी बटालियन, शिवाय जड शस्त्रांची कुमक. (रेजिमेंटमध्ये काही बटालियन, बटालियनमध्ये काही कंपन्या, कंपनीत काही प्लाटून, अशी ही उतरंड.) रोख उघडपणे चू लायच्या तळावर होता. दक्षिण व्हिएतनामी सेनापती नुयेन चान थी यांनी ही माहिती मरीन कमांडर मेजर जनरल ल्युइस वॉल्ट यांना दिली. वाट पाहायची की आधी हात घालायचा, एवढेच ठरवायचे होते. त्यांनी हात घालायचे ठरवले.

जागेचे वर्णन नीट वाचावे, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले आहे. किनाऱ्याला वाळूची पट्टी, मागे झुडपी टेकड्या, त्यांच्या मधून भातखाचरे आणि खाचरांना टेकून वाड्या. गगनबावडा किंवा शाहूवाडीकडची खाचरे ज्याने पाहिली आहेत त्याला बांध, चिखल आणि वाडीभोवतीची बांबूची बेटे वेगळी सांगायला नकोत. एक फरक मात्र आहे. आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे झड; मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मोठा पाऊस सप्टेंबरनंतर येतो. ऑगस्टमध्ये तिथे ऊन आणि दमटपणा माणसाला उकडून काढतो.

दुसरी अडचण नावांची. एकाच गावाच्या वाड्या नकाशावर क्रमांकाने दाखवलेल्या: आन कुओंग १, आन कुओंग २, नाम येन ३. वाड्या दिसायला सारख्या आणि मधले अंतर काहीशे मीटर. प्रत्येक वाडीभोवती दाट कुंपण, आत खंदक आणि भुयारे. वरून पाहणाऱ्याला फक्त हिरवे बेट दिसते.

तीन दिवसांत केलेली आखणी

१५ ऑगस्टची खबर आणि १८ ऑगस्टची पहाट, यात जेमतेम तीन दिवस. एवढ्यात दोन बटालियन, जहाजे, हेलिकॉप्टरे, विमाने आणि तोफा एका घड्याळावर आणायच्या होत्या. नेतृत्व सातव्या मरीन रेजिमेंटचे कर्नल ऑस्कर पीट्रॉस यांच्याकडे होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्गे छापे आणि उतरणी केलेला हा माणूस. बटालियन मात्र दोन वेगवेगळ्या रेजिमेंटांच्या मिळाल्या: लेफ्टनंट कर्नल जोसेफ म्युअर यांची तिसऱ्या मरीन रेजिमेंटची तिसरी बटालियन आणि लेफ्टनंट कर्नल जोसेफ फिशर यांची चौथ्या रेजिमेंटची दुसरी. राखीव म्हणून फिलिपिन्समधल्या सुबिक बे इथून एक बटालियन जहाजाने निघाली. पुढे सांध्यावर जे घडले, ते वाचताना ही रचना लक्षात असू द्यावी. रोज एकत्र काम न केलेले दोन कमांडर शेजारी शेजारी लढणार होते.

डाव असा होता. म्युअर यांची बटालियन दक्षिणेकडे आन कुओंग १ जवळच्या ‘ग्रीन बीच’वर जहाजांतून उतरणार. फिशर यांची बटालियन किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, रेड, व्हाइट आणि ब्लू अशी नावे दिलेल्या तीन जागी हेलिकॉप्टरने उतरणार. बिंदू चौकातून रंकाळ्यावर चालत जावे, किनाऱ्यापासून साधारण तेवढे आत. म्युअर यांची एक कंपनी आदल्या दिवशीच, १७ ऑगस्टला, उत्तरेकडे त्रा बाँग नदीच्या बाजूने जाऊन पाचर मारून बसणार. पूर्वेला समुद्र, तिथे नौदल. उत्तरेची वाट बंद, पश्चिम आणि दक्षिणेकडून दोन बटालियन दाबत येणार, आणि मधली रेजिमेंट किनाऱ्याकडे ढकलली जाणार.

गुप्तता काटेकोर पाळली. दक्षिण व्हिएतनामी बाजूला वरच्या दोन सेनानींपलीकडे कुणाला पत्ता नव्हता. उतरण्याच्या जागा कमांडरांनी हेलिकॉप्टरमधून फेरी मारून निवडल्या. जमिनीवरून पाहणी करायला कुणी पाठवला असता तर बातमी फुटली असती. निर्णय योग्य होता, पण त्याची किंमत ब्लू या जागी मोजावी लागली.

सामग्रीबद्दल थोडे, कारण तिच्या मर्यादेतच पुढचे अपघात दडलेले आहेत. यूएच-३४ हेलिकॉप्टरमध्ये कागदावर १२ माणसे बसतात, पण दमट उष्ण हवेत इंजिनाची ताकद घटते आणि भार कमी करावा लागतो. म्हणून एका बटालियनच्या तिन्ही कंपन्या एकदम उतरत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरतात. पहिला टप्पा आणि पुढचे टप्पे यांच्यामधला वेळ शत्रूला फुकट मिळतो. समुद्राकडून येणारा एलव्हीटीपी-५ (पुढे नुसते एलव्हीटी) हा पाण्यातून आणि जमिनीवरून चालणारा पत्र्याचा मोठा डबा, पोटात ३० हून अधिक माणसे घेणारा. त्याच्या पेट्रोलच्या टाक्या तळाखाली असतात. खाली सुरुंग फुटला तर काय होते हे माहीत असल्याने पुढच्या काळात मरीन सैनिक आत बसण्याऐवजी वर टपावर बसू लागले. शिवाय तो लढायचे वाहन म्हणून बनवलेला नाही. त्याचे चिलखत पातळ आणि अंग मोठे. बरोबर ९० मिमी तोफेचे एम-४८ रणगाडे आणि सहा रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या तोफांच्या नळ्यांचे छोटे ‘ऑन्टॉस’ होते.

पहाटेचे दोन तास

१८ ऑगस्टला सकाळी ६.१५ ला १५५ मिमी तोफांचा मारा सुरू झाला. त्याच वेळी २० ए-४ आणि एफ-४ विमानांनी उतरण्याच्या जागांवर १८ टन बॉम्ब आणि नापाम (चिकटून पेटणारे इंधन) टाकले. ग्रीन बीचवर मात्र बॉम्ब टाकले नाहीत. तिथे फक्त २० मिमी तोफांचा मारा ठेवला. ६.३० ला म्युअर यांच्या पहिल्या लाटेतल्या दोन कंपन्या, आय आणि के, किनाऱ्याला लागल्या. विरोध किरकोळ होता. ६.४५ ला फिशर यांची जी कंपनी रेडवर उतरली. साधारण पाऊण तासाने ई कंपनी व्हाइटवर आणि एच कंपनी ब्लूवर आली.

ही पाऊण तासाची फट कागदावर बघायला सोपी वाटते. प्रत्यक्षात तेवढ्यात गनिमाला कळते की हेलिकॉप्टरे कुठून येतात, किती उंचीवर येतात आणि पुढची लाट कुठे टेकणार. जी कंपनीच्या वाट्याला फारसे कुणी आले नाही. आसपासच्या वाड्या तपासत ती उत्तरेच्या अडवणाऱ्या कंपनीला मिळाली. हा सांधा न अडखळता जुळला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना शत्रू नव्हता. ई कंपनीवर शेजारच्या डोंगरसोंडेवरून गोळीबार झाला. तिने १०७ मिमी मॉर्टरचा (उखळी तोफेचा) मारा मागवला आणि उघड्यावर सापडलेल्या शत्रूचे मोठे नुकसान केले.

ब्लू: उतरण्याची जागा शत्रूच्या अंगणात

खरी मारामारी ब्लूवर झाली. ही जागा नाम येन ३ या वाडीजवळ होती आणि नैऋत्येला काहीशे मीटरवर ‘टेकडी ४३’. वरून पाहताना ती नुसती मोकळी जागा दिसली. प्रत्यक्षात टेकडीवर आणि वाडीत ६० वी बटालियन बसलेली होती. पहिली हेलिकॉप्टरे तिने निमूट उतरू दिली. पुढच्या लाटा येऊ लागल्या आणि मग बंदुका उघडल्या.

असे का करतात, ते समजून घेण्यासारखे आहे. पहिल्याच लाटेवर गोळी झाडली तर उरलेली हेलिकॉप्टरे वळून जातात आणि जागेवर विमानांचा मारा येतो. काही माणसे उतरू दिली की वैमानिकांचे हात बांधले जातात. खाली आपली माणसे आहेत म्हणून बाकीच्यांना यावेच लागते आणि वरून बॉम्ब टाकायलाही मोकळीक राहत नाही.

एच कंपनीचा कमांडर फर्स्ट लेफ्टनंट होमर जेंकिन्स. त्याने आधी एकच प्लाटून टेकडी ४३ वर पाठवली. आपल्यासमोर संपूर्ण बटालियन आहे याचा तोवर अंदाज नव्हता, आणि ती प्लाटून अडली. मग माणसे मागे घेऊन, विमानांचा मारा मागवून, रणगाड्यांच्या साथीने सगळी कंपनी एकदम चढवली आणि टेकडी घेतली. इथे रणगाडे समुद्राकडून आलेल्या बटालियनचे होते, हे लक्षात घ्यावे. हेलिकॉप्टरने उतरलेल्या माणसाकडे पाठीवर मावेल तेवढेच असते. समुद्रमार्गे आलेले जड सामान त्याच्यापर्यंत पोचले तरच तो टिकतो, आणि ब्लूवर ते सकाळच्या पहरात पोचले.

सांध्यावर

तिकडे म्युअर यांची आय कंपनी किनाऱ्यावरून आत येत असताना तिच्यावर आन कुओंग २ मधून गोळ्या येऊ लागल्या. ही वाडी बटालियनांच्या सीमारेषेपलीकडे, फिशर यांच्या हद्दीत होती. शेजाऱ्याच्या हद्दीत गोळी झाडायची तर परवानगी लागते, घुसायचे तर जास्तच. परवानगी मागितली, ती मिळाली, आणि आय कंपनीने वाडी घेतली. त्या झटापटीत कंपनी कमांडर कॅप्टन ब्रूस वेब मारले गेले.

इथून गोंधळाला सुरुवात होते. आय कंपनीने साफ केली ती आन कुओंग २. जेंकिन्सचा समज झाला की नाम येन ३ सुद्धा साफ झाली आहे. दोन वाड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आणि दोन बटालियनांच्या वायरलेसवर दोन वेगळी बोलणी चाललेली. त्या समजावर त्याने रणगाडे आणि ऑन्टॉस घेऊन दोन वाड्यांच्या मधल्या भातखाचरांतून पुढे कूच केले. नाम येन ३ मधून पाठीवर आणि बाजूच्या उंचवट्यावरून अंगावर, असा मारा आला. रणगाडे चिखलात मंदावले. जखमींना न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरांवरही गोळ्या पडत होत्या. अखेर एच कंपनीला पुन्हा ब्लूवर यावे लागले. निघाली तिथेच ती परत आली. तिची एक प्लाटून गर्दीत तुटून आय कंपनीला जाऊन मिळाली.

जेंकिन्सला दोष देणे सोपे आहे. पण ‘साफ’ हा शब्द कुणी, कुठल्या वाडीबद्दल, किती वाजता वापरला, हे विचारायची पद्धतच बसवलेली नव्हती. वाडीचे नाव सांगण्याऐवजी नकाशावरचा सहा आकडी निर्देशांक सांगितला असता तर हा समज झाला नसता. वायरलेसवर जागा सांगताना आकडे म्हणायचे आणि समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यायचे, एवढी साधी गोष्ट आहे.

यापेक्षा वाईट दुपारी घडले. आय कंपनीला दारूगोळा आणि पाणी पोचवायला पाच एलव्हीटी आणि तीन ज्वालाफेकी रणगाडे असा काफिला किनाऱ्यावरून निघाला. ज्वालाफेकी रणगाड्याला मुख्य तोफ नसते, तिच्या जागी ज्वाला फेकणारी नळी असते. म्हणजे लांबून मारा करायला हा काफिला जवळजवळ नि:शस्त्रच. पण त्या वेळी हाताशी तेवढेच रणगाडे होते. बरोबर पायदळाची पुरेशी माणसे नव्हती. आन कुओंग २ आणि नाम येन ३ यांच्या मधल्या भागात तो रस्ता चुकला. वाट अरुंद, एका बाजूला भातखाचर, दुसऱ्या बाजूला झाडी. गनिमाला यापेक्षा चांगली जागा कोण देणार? रिकॉइललेस गन आणि मॉर्टरचा मारा झाला. वाहनांना ना पुढे जाता येईना, ना खाचरात उतरता येईना.

आता वायरलेस. त्या काळच्या सैनिकी वायरलेसवर एका वेळी एकच जण बोलू शकतो; बटण दाबून ठेवले की बाकी सगळ्यांचे तोंड बंद. एका एलव्हीटीचा वायरलेस ऑपरेटर बटण दाबूनच मदतीसाठी आक्रोश करत राहिला. त्याला गप्प करून ‘तू कुठे आहेस?’ एवढे विचारणेही बटालियनला जमेना, आणि तासाभराच्या आसपास ते नेट, म्हणजे सगळ्यांचे सामाईक वायरलेस जाळे, अडकून पडले. काफिला संकटात आहे हे सगळ्यांना ऐकू येत होते; तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. तो ऑपरेटर तरुण होता आणि त्याच्या आजूबाजूला माणसे मरत होती. पण नेमक्या याच क्षणासाठी सराव करून घ्यायचा असतो: आधी जागा, मग काय झाले, मग बटण सोडायचे. निघण्यापूर्वी वाटेवरचे चार-पाच टप्पे ठरवून प्रत्येकाला सांकेतिक नाव दिले असते, तर शेवटचा पार केलेला टप्पा तरी बटालियनकडे नोंदलेला राहिला असता.

सुटकेसाठी मेजर अँड्र्यू कोमर यांनी आय कंपनीतली माणसे, रणगाडा, ऑन्टॉस आणि एलव्हीटी घेऊन दुसरा काफिला काढला. ‘टेकडी ३०’ जवळ पुढच्या एम-४८ वर रिकॉइललेस गनचा गोळा बसला. तो थांबला आणि मागची सगळी वाहने एकमेकांना चिकटून उभी राहिली. त्यांवर मॉर्टर आणि बंदुकांचा मारा झाला; काही मिनिटांत पाच ठार आणि १७ जखमी. हरवलेल्या काफिल्याला शोधायला गेलेला काफिला त्याच जाळ्यात अडकला. जागा ठाऊक नसताना सुटका पाठवली की असेच होते. या भागातल्या लढाईबद्दल कॉर्पोरल रॉबर्ट ओमॅली आणि लान्स कॉर्पोरल जो पॉल यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. जखमींना आडोसा मिळावा म्हणून स्वतः उघड्यावर थांबलेल्या पॉल यांना ते मरणोत्तर मिळाले.

२०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात बोटी, लष्कर, एनडीआरएफ, नौदल आणि हेलिकॉप्टर एकाच पाण्यात काम करताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सांध्याचे महत्त्व पटकन कळेल. तिथे गोळ्या नव्हत्या. पण बोट कुठल्या वाडीत आहे आणि हेलिकॉप्टर कुठल्या छतावर येणार, हे दोघांनाही एकाच भाषेत ठाऊक असावे लागते, ती गरज हीच.

पाणी

अहवालांत हा भाग थोडक्यात येतो, पण आम्हाला तो थोडक्यात उरकण्याजोगा वाटत नाही. माणशी दिवसाला दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर पाणी धरले होते. ते पुरले नाही. उन्हात, अंगावर भार घेऊन, चिखलातून दिवसभर लढणारा माणूस दुपारपर्यंत कोरडा पडतो; त्याचे डोके चालत नाही, नकाशा वाचताना चूक होते, वायरलेसवर घाईने बोलतो. पाण्यासाठीच काफिला काढावा लागला, आणि तोच सापळ्यात गेला. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मे महिन्यात पाठीवर २० किलो घेऊन जोतिबाचा डोंगर एकदा चढून बघावा. साडेसात लिटर किती कमी पडतात ते पायाला कळेल. वजनाचाही हिशेब करावा: साडेसात लिटर म्हणजे साडेसात किलो. तेवढे पाठीवर घेऊन लढता येत नाही, म्हणून पाणी मागून यावेच लागते, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची वाट राखावी लागते.

आणखी एक गोष्ट पुढे आली. एम-१४ रायफल लांब आणि जड. एलव्हीटीच्या कोंदट पोटात आणि वाडीतल्या जवळच्या मारामारीत ती अडचणीची ठरली.

रात्र आणि हिशेब

दुपारनंतर राखीव बटालियनच्या कंपन्या उतरवल्या गेल्या. समुद्रात क्रूझर गॅल्व्हेस्टन ६ इंची तोफांनी साथ देत होती. पण रात्र पडली तेव्हा वेढ्याच्या कडा सगळीकडे जुळलेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, सकाळी ७.३० ला पुन्हा दाबायला सुरुवात झाली आणि १०.३० पर्यंत संघटित विरोध संपला. एवढ्या लवकर तो संपला, कारण बरेच गनीम रात्रीतून निघून गेले होते. जे उरले ते भुयारांत होते, आणि २४ ऑगस्टपर्यंतचे दिवस ती शोधण्यात गेले.

मरीन सैन्याचे ४५ ठार आणि २०३ जखमी. त्यांनी मोजलेले शत्रूचे मृतदेह ६१४, कैदी ९, संशयित ४२, शस्त्रे १०९. शेवटचा आकडा पहिल्याशी ताडून पाहावा. ६१४ मृतदेहांमागे १०९ शस्त्रे. गनीम शस्त्र मागे ठेवत नाही, हे एक कारण. मृतांत किती लढवय्ये आणि किती गावकरी, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. ज्या वाड्यांच्या आसपास सकाळी १८ टन बॉम्ब आणि नापाम पडले तिथे माणसे राहत होती, आणि पुढे व्हिएतनामभर मृतदेह मोजून विजय ठरवण्याची जी सवय लागली तिने या प्रश्नाला कधी सरळ उत्तर दिले नाही. व्हिएतनाममध्ये वान तुओंग ही स्वतःच्या विजयाची लढाई म्हणून सांगितली जाते.

रेजिमेंट संपली, असे तेव्हा मानले गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये उरलेल्यांच्या शोधात बाटांगान द्वीपकल्पावर पुन्हा अशीच दुहेरी उतरण, ‘ऑपरेशन पिरान्हा’, झाली. हाती लागलेले सैन्य अपेक्षेपेक्षा कमी होते. नोव्हेंबरमध्ये हीच पहिली रेजिमेंट ह्येप डुक जिंकून पुढे आली आणि डिसेंबरमध्ये तिच्याशी परत मोठी लढाई द्यावी लागली. ऑगस्टमध्ये ज्या फटींतून ती निसटली, त्या बुजवायला रात्रीच्या वेढ्याला अधिक माणसे लागली असती, आणि ती कंपन्यांमधल्या मोकळ्या जागांत बसवावी लागली असती. पुढच्या रांगेत आणखी भर घालून उपयोग नव्हता.

जाफना: तोच सांधा, आपल्या सैन्याचा

११ आणि १२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर भारतीय शांतिसेनेने एमआय-८ हेलिकॉप्टरने सैन्य उतरवले. तमिळ वाघांचे नेतृत्व पकडायचे होते. पॅरा कमांडोंचे १०३ जवान उतरले. १३ शीख लाइट इन्फंट्री या बटालियनचे मात्र ३० जणच उतरू शकले. वाघ वाट पाहत होते. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्या आणि पुढचे टप्पे रद्द करावे लागले. त्या ३० जणांपैकी २९ शहीद झाले, एक कैद झाला. कमांडोंना बाहेर काढायला रणगाडे रेल्वेमार्गावरून न्यावे लागले, कारण रस्ते सुरुंगांनी भरलेले होते.

ब्लू आणि जाफना शेजारी ठेवून वाचावे. दोन्हीकडे उतरण्याची जागा शत्रूच्या दारात होती, दोन्हीकडे लाटांमधली फट जीवघेणी ठरली. ब्लूवर दिवसाउजेडी, विमाने वर असताना, समुद्रातून आलेले रणगाडे सकाळीच पोचले. जाफन्यात रात्र होती, दाट वस्ती होती आणि जमिनीवरून येणारा हात वेळेत भिडू शकला नाही. जवानांच्या शौर्यात तसूभरही उणे नव्हते. त्यांना आखणीने एकटे टाकले होते.

नकाशावर करून पाहण्यासाठी

हे प्रकरण एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या) गट-नियोजनासाठी किंवा एनसीसीच्या वर्गात घ्यायचे तर एक मोठा कागद, तीन रंगांच्या पेन्सिली आणि दोन तास पुरतात. किनारा, तीन उतरण्याच्या जागा, टेकडी ४३ आणि ३०, आन कुओंग २ आणि नाम येन ३ एवढेच काढा. मग दोन बटालियनांमधली सीमारेषा मुलांना ओढायला सांगा. बहुतेक जण ती ओढ्यावरून किंवा वाडीच्या कडेवरून नेतात, कारण तिथे ओढायला सोपी रेघ सापडते. तिथेच थांबवून विचारावे: वाडीतून गोळी आली तर कुणी उत्तर द्यायचे? गोळी जिथून येते आणि जिथे पडते, त्या दोन्ही जागा एकाच कमांडरच्या हद्दीत राहतील अशी रेघ ओढायला लावावी. वान तुओंगमध्ये रेघ काहीशे मीटर पश्चिमेला सरकली असती तर दोन्ही वाड्या म्युअर यांच्याकडे आल्या असत्या, परवानगीचा वेळ वाचला असता आणि कुठली वाडी साफ झाली हे एकाच नेटवर ऐकू आले असते. त्याचा तोटाही मुलांनीच शोधावा: ब्लूवर उतरलेल्या एच कंपनीला मग आपल्याच हद्दीत हालचालीला जागा किती उरते, आणि टेकडी ४३ कुणाची?

नंतर काफिल्याची वाट आखायला द्यावी: पाच एलव्हीटी, तीन ज्वालाफेकी रणगाडे, किनारा ते आय कंपनी. वाटेवर पाच टप्पे, प्रत्येकाला एक शब्द, प्रत्येक टप्प्यावर कळवायची वेळ आणि कळवले नाही तर किती मिनिटांनी थांबायचे ते ठरवायचे. शेवटी एकाच्या हातात वायरलेस देऊन बाकीच्यांनी त्याच्याभोवती जमेल तेवढा गोंगाट करावा, आणि त्याने दहा सेकंदांत आपला निर्देशांक सांगून बटण सोडावे. समोरच्याने तो आकडा न चुकता परत म्हणून दाखवेपर्यंत हा भाग पुन्हा पुन्हा घ्यावा.